विहिणीच्या पंगतीतलं चौथं कडवं

गाणं एकही झालेलं नव्हतं, तेव्हा आमचा रबरी शिक्का मात्र तयार होता. नांदेडच्या वजिराबादेत एका शिक्के करणाऱ्याकडून मी तो हौसेनं करून आणला, आणि त्यावर कोरून घेतलं, ‘सुलभा आणि मंडळी, नांदेड’. सुलभा म्हणजे मी. मंडळी म्हणजे नसीम आणि पद्मा, आणि या दोघी मंडळींना शिक्क्याचा पत्ताही नव्हता. कॉलेजच्या मागं चिंचेखाली बसून मी तो त्यांना दाखवला तेव्हा मला वाटलं होतं, दोघी मला मिठी मारतील. नसीमनं तो तळहातावर उमटवला, वाचला आणि म्हणाली, “क्यों गे, हम मंडळी कबसे हुए?” पद्मानं शिक्का हातातही घेतला नाही. ती तेलुगू मुलखाला लागून असलेल्या देगलूरची. रागावली की ती तेलुगूत जायची, आणि त्या दिवशी ती चांगली पाच मिनिटं तेलुगूत होती. मला एक अक्षर कळलं नाही, पण कौतुक चाललेलं नव्हतं एवढं कळलं.

मी तेव्हा कशी होते हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही, कारण ती मुलगी आता मला माझी वाटतच नाही. लांबच्या नात्यातल्या एखाद्या आगाऊ पोरीसारखी वाटते. आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला होती, दोन वेण्या पुढं घ्यायची, पेटीवर चार बोटं बरी चालायची आणि आरशासमोर उभी राहून टाळ्यांचा नम्रपणे स्वीकार करायची. टाळ्या अजून पडायच्या होत्या, नम्रपणा आधीच तयार. गळा ठीक होता. ‘ठीक’ हे मी आज म्हणते. तेव्हा कुणी ‘ठीक’ म्हटलं असतं तर मी त्या माणसाशी जन्मात बोलले नसते.

पेटी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची होती. ते एका जिनिंग फॅक्टरीत कारकून. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा टोपीवर, भुवयांवर, कानातसुद्धा कापसाचे तंतू असायचे. आई त्यांना अंगणातच झटकायची, जशी गादी झटकतात तशी, आणि मगच आत घ्यायची. गुरुवारी ते भजनाला पेटी वाजवायचे. बाकीचे सहा दिवस पेटी माझी. आमच्या घराला आवाज असे फार होते. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर यायचं, मग अजान, मग शेजारच्यांचा रेडिओ, मग आईच्या भाकरी थापायच्या थपथपीत सगळं बुडून जायचं. आई धपाटे लावायला बसली की मी पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. ती म्हणायची, “सुले, सूर लावून राहिलीस ते बरं हाय, पण उलसंक दही घुसळत घुसळत लावलास तर काय बिघडंल?” माझ्या कलेची आमच्या घरात ही किंमत.

आण्णांना मी एकदा सांगितलं की आम्ही गाणी करतो. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, “गाणी म्हणता, असं म्हण.” मी म्हटलं, “म्हणत न्हाई, करतो. नवी.” त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवून माझ्याकडं नीट बघितलं. “बाई, गाणी अशी कुणी करत नसतंय. ती असतात. आपुण म्हणायची.” त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हेच जास्त लागलं. त्या दिवशी मी ठरवलं, आण्णा समोर बसलेले असताना, चारशे माणसांत, माइकवरून सांगायचं की हे गाणं सुलभानं केलं. बस. यापलीकडं मला आयुष्यात काहीही नको होतं.

आम्ही जमायचो नसीमच्या घरी, कारण तिथं कुणी गप बसा म्हणायचं नाही. तिच्या घरच्या लग्नात बायका ढोलक घेऊन बसायच्या. ढोलकीच्या लाकडी खोडावर चमच्यानं ठेका धरायची तिची पद्धत तिथलीच. तिची अम्मी खिचडी आणि चिंचेचं खट्टं समोर ठेवायची आणि आम्ही खाता खाता भांडायचो. शब्द पद्माचे. ती प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायची, आणि ओळ जमते की नाही ते मांडीवर बोटं मोजून बघायची. एक शब्द काढायची, दुसरा घालायची, परत मोजायची. चाली माझ्या, असं मी जगाला सांगत होते. खरं सांगायचं तर अर्धी चाल नसीमच्या ढोलकीतून आपोआप निघायची आणि मी ती पेटीवर पकडून माझी म्हणायची.

विहिणीची गाणी करायची ही कल्पनाही पद्माचीच. आमच्याकडं लग्नात वरमाईची पंगत मोठ्या मानाची. पानाभोवती रांगोळी, उदबत्ती, आणि ती जेवत असताना मुलीकडच्या बायकांनी तिला चिडवणारी गाणी म्हणायची. पद्मा म्हणाली, “सिनेमाची गाणी समदेच म्हणून राहिलेत. विहिणीची गाणी तीच ती. विहिणीबी कटाळल्या असतील.” मग आम्ही केलं ते असं:

विहीणबाई बसल्या पाटावरी,
डोळा त्यांचा बुंदीच्या ताटावरी.

विहीणबाई रुसल्या, समजूत घाला,
पुरीवर अजून पुरी घाला.

अशी तीन कडवी झाली. फार थोर नव्हतं, पण ठेका असा होता की बसल्या जागी गुडघा हलायचा. नसीमच्या भावानं आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता. एका रविवारी दुपारी सगळ्या घराला गप करून आम्ही ते गाणं टेप केलं. कोंबड्या हाकलल्या, खिडकी लावली, आणि तिसऱ्या कडव्याच्या बरोबर मध्यावर आतून अम्मी ओरडली, “अगे नसीम, दूध गया गे!” नसीम मुरलेली. तिनं एक ठेका हात वर धरला आणि पुढच्या ठेक्याला परत पकडलं. मला ते पुन्हा टेप करायचं होतं. पण भाऊ म्हणाला, “बस हुआ,” आणि मशीन उचलून घेऊन गेला. तसंच राहिलं.

दोन टेप समोरासमोर ठेवून आम्ही सहा-सात कॅसेटी भरल्या. एक ओळखीच्या माइकवाल्याला दिली, एक भोकरच्या मैत्रिणीला, एक पद्माच्या मावसभावाबरोबर देगलूरला गेली. त्यांच्याकडून आणखी कुणीकुणी भरून गावोगाव नेल्या. प्रत्येकीवर मी शिक्का मारला. गुळगुळीत कागदावर शाई धरायची नाही. आठ दिवसांत ‘सुलभा’ पुसलं जायचं आणि ‘मंडळी’ तेवढी राहायची. परमेश्वराला विनोद कळतो, याबद्दल मला तेव्हापासून शंका नाही. आता माझी नात लातूरला कॉलेजात आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी खोलीत बसून गाणं करतात, आणि तासाभरात ते माझ्या फोनवर येतं, खाली हुकूम असतो, ‘आजी, ऐक आणि पुढे पाठव’. मी पाठवते. बायकांच्या भिशीच्या ग्रुपवरही पाठवते. मग दर दहा मिनिटांनी ती विचारते, कुणी ऐकलं का, काय म्हणाले. तिचा जीव कसा टांगलेला असतो ते मला पक्कं माहीत आहे, म्हणून मी मुद्दामच उशिरा उत्तर देते.

आमचा मोका आला तो लातूरला, आत्याच्या कुसुमताईच्या लग्नात. कुसुमताई आत्याची एकुलती एक. तिचं आधीचं एक ठरलेलं लग्न मानपानावरूनच मोडलं होतं. कुणाच्या तरी सासूला हळदीकुंकू उशिरा लावलं, असलं काहीतरी. तेव्हापासून आत्या इतकी धसकली होती की निलंग्याचं हे स्थळ जमल्यावर तिनं कुणाला उलट शब्द न बोलण्याचा नवसच धरला होता. लग्नाच्या सकाळी येसरच्या मसाल्याच्या आमटीचा वास अख्ख्या गल्लीत सुटलेला, कढईत बुंदी पडत असलेली, आणि आत्या आम्हा पोरींना एकेकीला धरून सांगत होती, “हे बघा गं, विहीणबाईनं पाणी मागायच्या आत पाणी गेलं पाहिजे. काई उलटं बोलू नका. माझ्या पाया पडते.” मी म्हटलं, “आत्या, तू बघच. विहीणबाई माझं गाणं ऐकून खूश होतील.” या वाक्यात ‘माझं’ हा शब्द मी किती ठसक्यात उच्चारला, ते आठवलं की आजही हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

विहीणबाई उंच, सडपातळ, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. सकाळपासून चार शब्दांवर पाचवा बोलल्या नव्हत्या. पंगत बसली. त्या मधोमध पाटावर, शेजारी कुसुमताई मुंडावळ्यांसकट खाली मान घालून. त्यांच्या दोन्ही बाजूंना निलंग्याच्या बायका, समोर वाढप्यांना जायला वाट ठेवून पुरुषांची पंगत, आणि तिथं आण्णा. मी पेटीसमोर, नसीम ढोलकीवर, पद्मा शेजारी, मध्ये माइक. नाव शेवटी सांगायचं मी ठरवलं होतं, टाळ्या पडल्यावर. आरशासमोर तसाच सराव झाला होता.

पहिलं कडवं झालं. बायका हसल्या. दुसरं झालं. तिसरं अर्ध्याच्या पुढं गेलं. विहीणबाईंनी घास थांबवला आणि शांतपणे म्हणाल्या, “पोरी, म्हणून राहिलीस ते अर्धंच हाय.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “काय म्हटलं, मावशी?”

“गाणं चांगलं हाय. माझ्या आजीचं हाय ते. पण तुला पुरं येत न्हाई. मदी समद्यांनी मिळून ‘दूध गया गे’ म्हणायचं असतंय. ते तू गाळलंस.”

नसीमचा हात ढोलकीवरून सुटला. पद्मानं पदर तोंडात कोंबला. मी मात्र, माइक तोंडासमोर चालू आहे हे विसरून म्हणाले, “दूध गया गे?”

“हाव. निजामाच्या काळचं जुनं गाणं हाय. म्हणून तेवढं हिंदीत हाय.”

आता शहाण्या माणसानं इथं हसून पुढं म्हटलं असतं. मला ते गाणं माझ्या हातातून कुणीतरी ओढून नेल्यासारखं झालं. आण्णा समोर बसले होते. गाणी कुणी करत नसतंय, ती असतात, असं म्हणणारे आण्णा. मी म्हटलं, “तुमच्या आजीचं कसं असंल? चार महिन्याखाली आम्ही केलंय ते. ते दूध हिच्या अम्मीचं हाय. खोटं बोलून राहिलात तुम्ही.”

‘खोटं’ हा शब्द भोंग्यातून बाहेर पडला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला.

 विहीणबाईंनी उजवा हात पानावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्या शेजारच्या बाईनं उचलला. मग तिच्या शेजारच्या. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांचे हात पानांवरून उठत गेले, आणि बुंदीचं ताट घेऊन आलेली आत्या तिथंच उभी राहिली. ताट कललं होतं. बुंदीचे दाणे एकेक करून जमिनीवर पडत होते. “सुले,” ती एवढंच म्हणाली, “माझ्या लेकीचं लगीन हाय गं.” कुसुमताईनं मान वर केली नाही. मुंडावळ्या तेवढ्या थरथरत होत्या.

माझ्या पर्समध्ये कॅसेट होती. माइकवाल्याकडं टेप होता. दोन मिनिटांचं काम. अम्मीचा आवाज, दूध, सगळा पुरावा भोंग्यातून वाजला असता आणि मी खरी ठरले असते. मी पर्सकडं हात नेला. पद्मा माझ्या कानाशी आली आणि एकदम मराठीतच म्हणाली, “लाव की. खरी ठरशील. आन् जाताना कुसुमताईला नांदेडला घेऊन जाऊ आपल्याबरोबर, तिला मंडळीत घेऊ.”

तिचं हे बोलणं मी तिला पुढं कधीच विसरू दिलं नाही, आणि तिनं मला.

मी उठले. विहीणबाईंच्या पानासमोर गुडघे टेकून बसले, मोठ्यानं म्हटलं, “मावशी, चुकलं माझं. मला पुरं येत न्हाई. तुम्ही शिकवा.” हे सोपं होतं असं कुणी समजू नये. एकेक शब्द ओल्या लाकडासारखा पेटत नव्हता.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “विहिणीनं सोताचंच गाणं म्हणायचं का गं? लोक काय म्हणतील?”

“तुम्ही कानात सांगा. मी म्हणते.”

“चवथं कडवं येतंय का?”

चौथं कडवं नव्हतंच. आम्ही तीनच केली होती. “न्हाई,” मी म्हटलं.

“मग काय येतंय तुला?” त्या म्हणाल्या, पण मान पुढं आणली. पद्मानं माइक आणून माझ्या तोंडाशी धरला. नसीमनं ठेका सुरू केला, अगदी हळू. विहीणबाई माझ्या कानात सांगायच्या आणि मी म्हणायची:

विहीणबाई, तुमीबी होता नवरी,
रडत आला होता सासरघरी.

बायकांत कुणीतरी ‘अगं बाई’ म्हटलं. विहीणबाईंनी तिसरी ओळ सांगितली, मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. “थांब. ‘डोळ्यात’ नको म्हणूस, ‘डोळ्याला’ म्हण.” आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी मांडीवर मोजली. एक, दोन, तीन, चार. ओठ हलत होते. मी ती बोटं बघितली. हे मला माहीत होतं. पद्मा रोज असंच करायची. आजीकडून पाठ झालेलं गाणं कुणी असं मोजत नाही. ज्याचं अजून ओलं असतं, तोच मोजतो.

मी म्हटलं:

तसंच हिच्या पाणी डोळ्याला,
एक घास भरवा हिच्या तोंडाला.

आता गाण्यानंच हुकूम केल्यावर विहिणीला दुसरा इलाज नसतो. विहीणबाईंनी ‘काय बाई, या नांदेडच्या पोरी’ असा चेहरा केला, बुंदीचा घास उचलला आणि कुसुमताईच्या तोंडात घातला. कुसुमताई रडत रडत चावायला लागली. पंगतीत एकदम हसू पसरलं, हात पुन्हा पानांवर आले, आणि निलंग्याच्या एका म्हातारीनं खणखणीत आवाजात ‘दूध गया गे!’ करून टाकलं. आत्यानं ताट खाली ठेवलं आणि सांडलेली बुंदी वेचायला बसली.

मी अजून गुडघ्यांवरच होते. पद्माकडून माइक घेऊन खाली धरला आणि हळूच म्हटलं, “मावशी, हे आजीचं न्हाई.”

“गप,” त्या घास चावत म्हणाल्या. “जेवू दे मला.”

तेवढ्यात समोरच्या पंगतीतून आण्णांचा आवाज आला. आमची तीन कडवी त्यांनी घरी नको इतक्या वेळा ऐकली होती. “सुले, हे चवथं कुणाचं गं? लई चांगलं हाय.” चारशे माणसं, आण्णा समोर, माइक हातात. मला हवं होतं ते सगळं. मी विहीणबाईंकडं वळले. “काय सांगू? आजीचं नाव काय होतं?”

त्यांनी पुरीचा तुकडा मोडला, पण उचलला नाही. मग अगदी सहज, मीठ वाढा म्हणावं तसं म्हणाल्या, “चंद्रकला.”

मी उभी राहिले. माइकवर, स्वच्छ आवाजात सांगितलं, “पहिली तीन कडवी नसीम, पद्मा आणि सुलभा या तिघींची. चौथं कडवं चंद्रकलाबाईंचं.” माझं नाव मी शेवटी घेतलं. तेवढा मोठेपणा जमला, बाकीचा पुढं शिकले. निलंग्याच्या बायकांनी, कुणा जुन्या पुण्यवान बाईचं नाव ऐकावं तशा माना डोलावल्या. पत्रिकेत विहीणबाईंचं नाव शांताबाई होतं. सासरी सगळ्यांना तेच माहीत होतं.

पुरुषांच्या पंगतीत मात्र आण्णांच्या शेजारी बसलेले पांढऱ्या फेट्याचे एक म्हातारे होते. विहीणबाईंचे थोरले भाऊ, माहेराहून आलेले. त्यांनी घास पानात ठेवला. आधी भोंग्याकडं बघितलं, मग वाटेच्या पलीकडं बहिणीकडं. आणि एवढ्या पंगतीत, लग्नाच्या आधी घरातल्या अंगणात हाक मारत असतील तसे, मोठ्यानं म्हणाले, “चंद्रे, ऐकू आलं गं!”

निलंग्याच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, चंद्री कोण म्हणून. विहीणबाईंनी पदर चांगला नाकापर्यंत पुढं ओढला, आणि त्याच्या आतून आत्याला म्हणाल्या, “आमटी वाढा की वो. कोरडंच जेवू काय?”